रेक्टरांचे घराणे

१८४२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, हेगर्सटाउन गावाजवळच्या फाउंटन रॉक नावाच्या जुन्या जमीनदारी वाड्यात एक निवासी शाळा सुरू झाली. शाळेचे नाव सेंट जेम्स. तिचे रेक्टर, म्हणजे धर्मगुरूही आणि मुख्याध्यापकही, जॉन बॅरेट केरफूट. वय वर्षे सव्वीस. शिक्षक घडवणारी अमेरिकेतली पहिली सरकारी नॉर्मल स्कूल जेमतेम तीन वर्षांपूर्वी, १८३९ साली, मॅसॅच्युसेट्समध्ये निघाली होती. शाळेचा प्रमुख घडवणारी संस्था तर कुठेच नव्हती. तरीही मेरीलँडचे बिशप विटिंगहॅम यांनी ही नवी शाळा या तरुणाच्या हाती निर्धास्तपणे सोपवली. कारण एकच होते. केरफूट न्यूयॉर्कजवळच्या फ्लशिंगमध्ये विल्यम ऑगस्टस म्यूलेनबर्ग यांच्या हाताखाली वाढले होते: आधी विद्यार्थी, मग शिक्षक, मग शाळेचे धर्मगुरू. बिशपना खरे तर म्यूलेनबर्गच हवे होते. ते आले नाहीत, त्यांनी आपला शिष्य पाठवला.

एपिस्कोपल शाळांच्या प्रमुखांसाठी आज परिषदा भरतात, नव्या मुख्याध्यापकांची शिबिरे होतात, विश्वस्तांना आणि शाळेच्या धर्मगुरूंना त्यांच्या कामाचे वेगळे धडे दिले जातात. या प्रशिक्षणाचा इतिहास सांगताना सहसा असे गृहीत धरले जाते की आधी काहीच नव्हते, ज्याला जमले तो शाळा चालवत असे, आणि मग विसाव्या शतकात व्यावसायिक शहाणपण आले. मला हे पटत नाही. आधी प्रशिक्षण होते, आणि ते चांगले कसून होत असे. त्याची पद्धत आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यासारखी होती: गुरूच्या घरी राहायचे, त्याचे ऐकत आणि पाहत राहायचे, आणि एक दिवस त्याने सांगितल्यावर स्वतंत्र बैठक मांडायची. या पद्धतीने उत्तम मुख्याध्यापक घडले. पण घराण्यात शिरायचे तर आत घेणारा कोणीतरी लागतो, आणि गुरूच्या डोळ्याला जे दिसत नाही ते शिष्यालाही सहसा दिसत नाही. आजचे संघटित प्रशिक्षण आले ते या दोन उणिवांपोटी. मुख्याध्यापकांना हिशेब किंवा व्यवस्थापन जमत नव्हते म्हणून ते आले, हे कारण दुय्यम आहे.

एपिस्कोपल चर्च म्हणजे अँग्लिकन परंपरेची अमेरिकी शाखा. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाला प्रमुख मानणे शक्य नव्हते, तेव्हा १७८९ साली तिने आपली वेगळी घडी बसवली. पुण्याचे बिशप्स किंवा मुंबईचे कॅथीड्रल ज्या अँग्लिकन गोतावळ्यातले, त्याचीच ही दूरची पाती. म्यूलेनबर्ग यांचे आजोबा फ्रेडरिक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे पहिले सभापती होते. नातू राजकारणाच्या वाटेला गेला नाही. १८२६ साली ते फ्लशिंगच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये आले आणि १८२८ साली त्यांनी तिथे फ्लशिंग इन्स्टिट्यूट सुरू केली. ते आयुष्यभर अविवाहित राहिले, मुलांतच राहिले. त्यांची कल्पना अशी की शाळा हे कुटुंब असावे, प्रमुख हा बाप असावा, आणि प्रार्थना, अभ्यास, जेवण, खेळ यांत तो सतत डोळ्यांसमोर असावा. मोठी झालेली हुशार मुले तिथेच धाकट्यांना शिकवू लागत आणि बरोबरीने धर्मशास्त्राचा अभ्यास करत. म्हणजे शाळा चालवता चालवताच शाळा चालवणारे तयार होत होते. पुढे याच पायावर जवळच कॉलेज पॉइंट येथे त्यांनी सेंट पॉल्स कॉलेज काढले.

या एका घरातून निघालेल्या वाटा मोजल्या तर थक्क व्हायला होते. केरफूट मेरीलँडला गेले. जेम्स लॉइड ब्रेक हा दुसरा शिष्य पश्चिमेकडे सरकला: विस्कॉन्सिनमध्ये १८४२ साली नाशोटा हाउस हे धर्मविद्यालय, मग मिनेसोटातल्या फेरीबोच्या शाळा, आणि अखेरीस कॅलिफोर्नियातले बेनिशिया. हेन्री ऑगस्टस कॉइट फ्लशिंगला शिकले, मग सेंट जेम्समध्ये केरफूट यांच्या हाताखाली शिक्षक झाले. बोस्टनचे डॉक्टर जॉर्ज शॅटक यांनी न्यू हॅम्पशरमधल्या कॉनकॉर्डजवळचे आपले उन्हाळी घर शाळेसाठी देऊ केले तेव्हा रेक्टर म्हणून हेच कॉइट आले. १८५६च्या एप्रिलमध्ये सेंट पॉल्स स्कूल तीन मुलांवर सुरू झाली. त्यातली दोन खुद्द डॉक्टरांची. कॉइटही तेव्हा सव्विशीतच होते. १८९५ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर राहिले, आणि त्यांच्यामागे रेक्टर झाले त्यांचे सख्खे भाऊ जोसेफ हाउलंड कॉइट, जे स्वतः आधी सेंट जेम्समध्ये केरफूट यांचे सहकारी होते. प्रमुखाची निवड अर्ज मागवून, मुलाखती घेऊन करावी असे त्या काळात कोणाला सुचलेही नसते. माणूस आधीच माहीत असे.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: या सगळ्या शाळा इंग्लंडच्या पब्लिक स्कूलची नक्कल होत्या, तेव्हा त्यांचे खरे गुरू म्हणजे रग्बीचे थॉमस आर्नल्ड. पुढच्या काळाविषयी यात थोडे तथ्य आहे. पण तारखा पाहाव्यात. आर्नल्ड रग्बीचे प्रमुख झाले ते १८२८ साली, आणि म्यूलेनबर्ग यांनी फ्लशिंगची शाळा उघडली तीही १८२८ सालीच. समुद्राच्या दोन तीरांवर दोन धर्मगुरू एकाच वर्षी एकाच निष्कर्षाला आले होते, की शाळा सुधारायची तर तिच्या प्रमुखापासून सुरुवात करायला हवी. आर्नल्ड यांचेही घराणे पसरले. त्यांच्या तालमीतले जॉर्ज कॉटन मार्लबरो शाळेचे प्रमुख झाले आणि १८५८ साली कलकत्त्याचे बिशप म्हणून हिंदुस्थानात आले. शिमल्याची आणि बंगलोरची बिशप कॉटन स्कूल त्यांच्याच नावाची. म्हणजे आपल्याकडच्या डोंगरी थंड हवेच्या शाळांची नाळ रग्बीशी जुळते, आणि कॉनकॉर्डची फ्लशिंगशी. दोन्ही नाळा शिष्यांमधून गेल्या, पुस्तकांतून नाही, एवढेच इथे महत्त्वाचे.

या परंपरेचा कळस म्हणजे ग्रोटन ही शाळा. एंडिकॉट पीबॉडी हे मॅसॅच्युसेट्सच्या सधन घराण्यातले, इंग्लंडच्या चेल्टनहॅम शाळेत आणि केंब्रिजला शिकलेले. धर्मशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडून १८८२ साली ते काही महिने ॲरिझोनातल्या टूमस्टोन या खाणकामगारांच्या दांडगट गावी जाऊन राहिले आणि तिथे चर्च उभारून परतले. १८८४ साली ग्रोटन उघडली तेव्हा ते सत्ताविशीत होते, आणि १९४० साली, म्हणजे ५६ वर्षांनी, पायउतार झाले. श्रीमंतांची मुले त्यांनी दारे नसलेल्या अरुंद कप्प्यांत झोपवली, थंड पाण्याने अंघोळ करायला लावली. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी रेक्टर आणि त्यांच्या पत्नी प्रत्येक मुलाशी हस्तांदोलन करून शुभरात्री म्हणत. हा शिरस्ता बारकाईने पाहण्यासारखा आहे. मुलगा आज कशाने हिरमुसला आहे, कोणाचा हात गार आहे, कोण नजर चुकवतो आहे, हे रोज रात्री एका फेरीत कळायचे. कोणत्याही हजेरीपटात न मावणारी ही माहिती होती. शेजारी उभा असलेला तरुण शिक्षक ती कशी काढून घ्यायची ते नुसते पाहून शिकत होता. फ्रँकलिन रूझवेल्ट या शाळेचा विद्यार्थी. त्याच्या लग्नाचे विधीही पीबॉडी यांनीच केले.

ग्रोटनमध्ये शिक्षक असलेले विल्यम ग्रीनो थेअर १८९४ साली सेंट मार्क्स शाळेचे प्रमुख झाले आणि १९३०पर्यंत राहिले. पीबॉडी यांच्या पुढाकाराने १९२६ साली ब्रुक्स स्कूलची स्थापना झाली तेव्हा तिचे पहिले मुख्याध्यापक झाले फ्रँक ॲशबर्न, ग्रोटनचेच माजी विद्यार्थी. पुढे पीबॉडी यांचे चरित्रही ॲशबर्न यांनीच लिहिले, आणि स्वतः १९७३पर्यंत शाळा चालवली. कनेक्टिकटमध्ये ऑर्डर ऑफ द होली क्रॉसचे संन्यासी फादर फ्रेडरिक सिल यांनी १९०६ साली केंट शाळा काढली. तिथे झाडलोट आणि ताटवाटी मुलांनीच करायची आणि फी बापाच्या ऐपतीप्रमाणे घ्यायची असा नियम होता. १९२३ साली सिल यांच्या दोन विद्यार्थ्यांनी साउथ केंट ही दुसरी शाळा उभारली. शिष्याने गुरूची शाळा थोड्या लहान आकारात पुन्हा उभी करणे, हीच त्या काळची पदवी आणि हेच प्रमाणपत्र होते.

मग प्रश्न पडतो की एवढी फळे देणारी पद्धत असताना शिबिरांची गरज काय? जुन्या शाळांचे अनेक चाहते आजही असेच म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. पीबॉडी यांची रात्रीची फेरी कार्यशाळेत शिकवता येत नाही. पण आपण आठवतो ते टिकलेल्या शाळा आणि गाजलेले रेक्टर. म्यूलेनबर्ग १८४६ साली न्यूयॉर्क शहरातल्या चर्चच्या कामाला गेले, आणि त्यांचे स्वतःचे कॉलेज पुढच्या काही वर्षांतच मिटले. ज्याने एवढे वारस घडवले त्याच्याच गादीवर वारस टिकला नाही. बापाच्या जागी बसवलेला रेक्टर निघून गेला की घर उरत नाही, याचे हे पहिले उदाहरण. सेंट जेम्सची गोष्ट वेगळी: यादवी युद्धात १८६४ साली दक्षिणेच्या सैन्याने केरफूट आणि जोसेफ कॉइट यांना अटक केली आणि शाळा बंद पडली. तिथे दोष पद्धतीचा नव्हता, तोफांचा होता; शाळा काही वर्षांनी पुन्हा उघडली, केरफूट मात्र परतले नाहीत, ते पिट्सबर्गचे पहिले बिशप झाले.

याहून गंभीर गोष्ट मौनाची आहे. २०१६ आणि २०१७ साली न्यू इंग्लंडमधल्या काही नामांकित एपिस्कोपल निवासी शाळांनी स्वतंत्र चौकशी अहवाल प्रसिद्ध केले. शिक्षकांकडून विद्यार्थ्यांचे लैंगिक शोषण कित्येक दशके होत राहिले आणि शाळेच्या वरिष्ठांना सुगावा लागूनही प्रकरणे दडपली गेली, असे त्यांत नोंदले आहे. कुटुंबाची उपमा इथे उलटली. कुटुंबातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हाही संस्कारच असतो आणि तोही शेजारी उभे राहूनच शिकला जातो. तक्रार आली तर कोणाला कळवायचे, कायदा काय म्हणतो, शिक्षकाला गुपचूप दुसरीकडे धाडणे हा गुन्हा का ठरतो, हे शिकवणारा गुरू घराण्याच्या बाहेरचाच असावा लागतो. नीरस वाटणारी कायदेविषयक सत्रे मला म्हणूनच क्षुल्लक वाटत नाहीत.

आता ज्यांना घराण्याचे दार बंद होते त्यांच्याकडे पाहू. एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांना रेक्टर होता येत नव्हते. मुलींच्या शाळा निघत होत्या. न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनला बिशप डोन यांनी १८३७ साली सेंट मेरीज हॉल काढले. पण तिथेही कारभाराची सूत्रे धर्मगुरू पुरुषांकडे. स्त्रियांच्या हाती खरी सूत्रे आली ती संन्यासिनींच्या संघांमुळे. १८६५ साली न्यूयॉर्कमध्ये सिस्टरहुड ऑफ सेंट मेरीची स्थापना झाली आणि तीन वर्षांत तिने स्वतःची शाळा उघडली. संघात येणाऱ्या स्त्रीला आधी काही काळ उमेदवारी करावी लागे: ठरलेली दिनचर्या, ठरलेला अभ्यास, वडील सिस्टरची देखरेख, आणि नंतर कामाची नेमणूक. लेखी नियम असलेली, टप्प्याटप्प्याची, व्यक्तीपेक्षा संस्थेवर अवलंबून असलेली अशी तयारी कोणत्याही रेक्टरच्या वाट्याला आली नव्हती. याच संघाच्या सिस्टर कॉन्स्टन्स १८७३ साली टेनेसीतल्या मेम्फिसला मुलींची शाळा चालवायला गेल्या. १८७८च्या पीतज्वराच्या साथीत ज्याला शक्य होते तो शहर सोडून पळाला. या सिस्टर रुग्णसेवेला थांबल्या आणि त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांच्यापैकी चौघींना, कॉन्स्टन्स यांच्यासकट, साथीने नेले. लोकांना त्यांचे हौतात्म्य आठवते, ते योग्यच. इतिहासाच्या दृष्टीने तितकीच मोलाची गोष्ट अशी की प्रमुख गेली तरी मेम्फिसची शाळा थांबली नाही. संघाने तिथे दुसऱ्या सिस्टर नेमल्या.

अर्थात या संघांचे दारही सगळ्यांना उघडे नव्हते. न्यूयॉर्कच्या रूथ यंगर या मिश्रवंशीय मुलीला वंशामुळे अमेरिकेतल्या संघात जागा मिळाली नाही. ती कॅनडात टोरंटोच्या संघात गेली, तिथे घडली, आणि १९५० साली मदर रूथ म्हणून न्यूयॉर्कमध्ये सेंट हिल्डाज ही शाळा उघडून बसली. अमेरिकेतल्या एका महत्त्वाच्या एपिस्कोपल शाळेच्या संस्थापिकेला तिची तालीम परदेशात घ्यावी लागली, याहून बोलका पुरावा शोधायची गरज नाही.

कृष्णवर्णीयांच्या शाळांची कथा तर या इतिहासात पहिल्या प्रकरणातच यायला हवी; ती बहुधा तळटीपेत जाते. गुलामगिरी संपल्यावर १८६७ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले येथे एपिस्कोपल चर्चने सेंट ऑगस्टिन्स ही नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, काढली. गुलाम आईच्या पोटी जन्मलेली ॲना ही तिथली अगदी सुरुवातीची विद्यार्थिनी, जी शिकता शिकता शिकवू लागली. पुढे ॲना ज्युलिया कूपर या नावाने ती वॉशिंग्टनच्या एम स्ट्रीट हायस्कूलची प्रमुख झाली. जेम्स सॉलोमन रसेल हे १८५७ साली गुलामगिरीत जन्मलेले. धर्मगुरू झाल्यावर १८८८ साली त्यांनी व्हर्जिनियातल्या लॉरेन्सव्हिल येथे सेंट पॉल नॉर्मल अँड इंडस्ट्रियल स्कूल मूठभर मुलांवर सुरू केली. कॉइट यांच्यामागे एका डॉक्टरची इस्टेट होती, पीबॉडी यांच्या विश्वस्तांत जे. पी. मॉर्गन होते. रसेल यांना वर्गही घ्यायचा, इमारतही बांधायची आणि उत्तरेतल्या चर्चांमध्ये फिरून वर्गणीही गोळा करायची.

आणि इथेच एक तारीख माझा मुद्दा सिद्ध करते. एपिस्कोपल चर्चने शाळांना राष्ट्रीय पातळीवर एकत्र बांधणारी, त्यांना पैसा पुरवणारी आणि त्यांच्या दर्जावर लक्ष ठेवणारी संस्था पहिल्यांदा स्थापली ती १९०६ साली, आणि ती होती अमेरिकन चर्च इन्स्टिट्यूट फॉर नीग्रोज. रॅलेची आणि लॉरेन्सव्हिलची शाळा तिच्या पहिल्या आश्रितांत होती. तिची सूत्रे गोऱ्यांच्या हाती होती आणि तिच्या मदतीत उपकाराचा वास होता, हे खरे. पण संघटित आधार मुळात कोणाला लागतो, ते तिने दाखवून दिले. श्रीमंत निवासी शाळांना १९०६ साली अशा संस्थेची गरज भासली नाही, कारण त्यांचे प्रमुख एकमेकांच्या शाळांतूनच येत होते आणि एकमेकांना पत्र लिहून अडचणी सोडवत होते.

त्यांची ही निश्चिंती संपली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. उपनगरांतल्या चर्चना जोडून दिवसाच्या शाळा झपाट्याने निघू लागल्या. बालवाडीपासून सुरू झालेल्या या शाळांना ग्रोटनच्या तालमीतला रेक्टर मिळणे अशक्यच होते. कित्येक ठिकाणी कारभार चर्चच्या धर्मगुरूकडे आणि प्रत्यक्ष शाळा एखाद्या अनुभवी शिक्षिकेकडे, आणि दोघांत शेवटचा शब्द कोणाचा हे कोणीच ठरवलेले नाही, अशी स्थिती. त्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतले वांशिक विभाजन बेकायदा ठरवले, आणि दक्षिणेत खासगी शाळा ही गोऱ्यांची पळवाट होऊ लागली. १९६३ साली अटलांटाच्या लव्हेट शाळेने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पाच वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारला. शाळा एपिस्कोपल कॅथीड्रलशी जोडलेली होती. चर्चची भूमिका एक आणि विश्वस्तांचा निर्णय दुसरा, असा उघड पेच झाला. शाळेबाहेर निदर्शने झाली आणि शेवटी चर्च आणि शाळा यांची फारकत झाली. अशा प्रसंगी मुख्याध्यापकाने बिशपचे ऐकायचे की विश्वस्तांचे? फ्लशिंगच्या घराण्यात या प्रश्नाला उत्तरच नव्हते, कारण म्यूलेनबर्ग यांच्या घरी बाप एकच होता. दोन वर्षांनी, १९६५ साली, आज नॅशनल असोसिएशन ऑफ एपिस्कोपल स्कूल्स या नावाने ओळखली जाणारी संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. केवळ अटलांटामुळे ती निघाली असे मी म्हणणार नाही; तिची मुळे आधीची आहेत. पण तिने पुढे ज्या विषयांवर प्रमुखांना जमवले, म्हणजे चर्चशी नाते, विश्वस्तांची मर्यादा, धर्मगुरूचे स्थान, वेगळ्या धर्माच्या मुलांसमोर प्रार्थना कशी घ्यायची, ते सगळे विषय अशा पेचांतूनच आलेले आहेत.

शेवटचा आक्षेप असा की या शिबिरांनी रेक्टरचा व्यवस्थापक झाला आणि शाळेतला धर्म पातळ झाला. यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. धर्मदीक्षा न घेतलेला प्रमुख ही शिबिरांची देणगी नाही. व्हर्जिनियाच्या एपिस्कोपल हायस्कूलचा कारभार लॉन्सलॉट ब्लॅकफर्ड या गृहस्थाने १८७० ते १९१३ अशी ४३ वर्षे सांभाळला होता. पुढे धर्मगुरू नसलेले प्रमुख आणि एपिस्कोपल नसलेली मुले दोन्ही वाढली. तेव्हा शाळेचे एपिस्कोपलपण नुसत्या सहवासाने पुढे जाईल असे मानण्यात अर्थ उरला नाही. ते शब्दांत मांडून शिकवावे लागले. धर्म पातळ झाला असेल तर त्याची कारणे अमेरिकी समाजात शोधावी लागतील, मुख्याध्यापकांच्या तीन दिवसांच्या शिबिरात नाही. शिबिरांवर माझा आक्षेप वेगळा आहे: त्यांचा इतिहास अजून फ्लशिंग, कॉनकॉर्ड आणि ग्रोटन या वाटेनेच सांगितला जातो. तो मेम्फिस आणि लॉरेन्सव्हिलपासून सांगायला हवा, कारण गुरूची शिफारस हाताशी नसताना शाळा चालवायला काय लागते ते तिथे आधी कळले होते. रसेल यांची लॉरेन्सव्हिलची संस्था वाढत सेंट पॉल्स कॉलेज झाली, आणि पैशाअभावी २०१३ साली बंद पडली. कॉनकॉर्ड आणि ग्रोटनच्या शाळा चालू आहेत.